सहलीला आलेले विद्यापीठ

मेहकरकडून लोणारला निघालेल्या शैक्षणिक सहलीच्या बस सुलतानपूरला वळतात. जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचे हे गाव लोणार तालुक्यातलेच, विवर इथून दहा-बारा किलोमीटरवर. बस थांबते, चहा होतो, कुणी वेफर्सची पाकिटे घेते, सर हजेरी मोजतात आणि गाडी पुढे निघते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन असते, दिवाळीनंतर हरभरा असतो, उन्हाळ्यात उघडी काळी जमीन असते. त्या जमिनीकडे बसमधले कुणी पाहत नाही. पर्यावरणशास्त्र हा विषय सक्तीचा आहे म्हणून निघालेली ही सहल पर्यावरणाच्या मधून पडदे ओढून जाते आणि थेट विवराच्या काठावर उतरते.

या प्रकाराला आता शैक्षणिक निसर्ग पर्यटन, विस्तारकार्य, समाजसहभाग अशी भारदस्त नावे मिळाली आहेत. 'शाश्वत जमीन व्यवस्थापन' हा शब्द तर प्रत्येक प्रस्तावात असतो. माझे म्हणणे असे की आपल्याकडे विद्यापीठे जमिनीबद्दल शिकवायला गावात जातात, तेव्हा बहुतेक वेळा ती सहलीलाच गेलेली असतात. आणि खरी सहल, म्हणजे पायी फिरून, विचारून, मोजून केलेली, ती मात्र कुणी काढत नाही.

आधी लोणारबद्दल, कारण सगळ्या बस तिथेच जातात. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्याच्या कितीतरी आधी 'आइन-इ-अकबरी'त त्याचा उल्लेख आला होता. २००० साली ते अभयारण्य झाले, २०२० मध्ये रामसर यादीत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये, टाळेबंदीत, पाणी गुलाबी झाले आणि देशभरच्या वाहिन्यांना लोणारचा साक्षात्कार झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की खारटपणा वाढल्यावर बहरणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग आहे. त्यानंतरच्या वर्षांत उलटेच झाले. पातळी वाढत गेली आणि पाणी कमळजा देवीच्या देवळापर्यंत चढले. गुलाबी पाण्याचे फोटो काढायला आलो आपण, चढलेल्या पाण्याचेही काढले.

या विवराचा सर्वांत मोठा धडा कोणत्या माहितीफलकावर लिहिलेला मला आढळला नाही. हे सरोवर बंद खोऱ्यात आहे. त्याला बाहेर जाणारी वाट नाही. उतारावरून जे आत आले, ते आतच राहते. पावसाचे पाणी, धारेचे पाणी, वस्तीचे सांडपाणी, माती, आणि एके काळी विवराच्या आत शेती व्हायची तेव्हा तिच्यावर टाकलेले खतही. सुलतानपूरच्या शेतातून वाहून गेलेली माती नाल्यात जाते, नाल्यातून नदीत, आणि मग ती कुणाच्या हिशेबात येत नाही. लोणारचे सरोवर मात्र पै न पै वहीत लिहिणाऱ्या जुन्या किराणा दुकानदारासारखे आहे, तिथे उधारी बुडत नाही. जमीन कशी सांभाळायची हे शिकवण्यासाठी याहून चांगला वर्ग महाराष्ट्रात क्वचितच असेल. आपण त्या वर्गात मुलांना नेतो, भिंतीवरचे घड्याळ दाखवतो आणि परत आणतो.

आणि पातळी का चढली? पाऊस, झरे, काठावरच्या भूजलात झालेले बदल, अनेक कारणे चर्चेत आहेत. ती पारखायची तर काठाबाहेरच्या विहिरींच्या पाण्याच्या नोंदी लागतात, त्याही एका वर्षाच्या पुरत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. पण तालुक्यात येणाऱ्या प्रत्येक सहलीने दोन विहिरींत टेप सोडून आकडा लिहून ठेवला असता, तर आज केवढी मोठी वही तयार असती! विहिरीत टेप सोडायला पीएच.डी. लागत नाही. दगड बांधलेली दोरीही चालते.

आता गावात येणाऱ्या विद्यापीठाकडे वळू. विदर्भात कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली खरिपात गावोगाव येतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. 'ग्रामीण जागरूकता व कार्यानुभव' असे त्या उपक्रमाचे नाव. कल्पना उत्तम आहे: काही आठवडे गावात राहा, शेतकऱ्याबरोबर काम करा, शिका. प्रत्यक्षात काय होते ते जिल्हा पुरवणीत रोज वाचायला मिळते. 'कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक.' 'कृषिदूतांनी केले बोर्डो मिश्रणाबाबत मार्गदर्शन.' फोटोत फ्लेक्स असतो, फ्लेक्सवर प्राचार्यांपासून कार्यक्रम अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावे असतात, पुढे बादली असते, बादलीभोवती पांढऱ्या कोटातल्या चार मुली, आणि मागे टोपी घातलेले दोन शेतकरी. त्या दोघांची नावे बातमीत नसतात. तीस वर्षे बियाण्याला औषध चोळत आलेल्या माणसाला बावीस वर्षांची मुलगी बियाण्याला औषध कसे चोळायचे ते दाखवते, आणि तो माणूस पाहुणी आहे म्हणून मान हलवतो. दोष त्या मुलीचा नाही. तिच्या वहीत तसा रकाना आहे आणि त्या रकान्याला गुण आहेत.

बिगरकृषी महाविद्यालयांचे सात दिवसांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर तर आपल्यापैकी अनेकांनी केलेले आहे. योजना १९६९ची, गांधी जन्मशताब्दी वर्षातली. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. अनेकांना त्या सात दिवसांनी माणूस केले, हे मी नाकारत नाही. पण श्रमदानात खोदलेला चर पुढच्या पावसात भरला की फुटला, हे पाहायला कोण परत येते? पुढच्या वर्षी शिबिर दुसऱ्या गावाला जाते, कारण दत्तक गाव बदललेले असते. दत्तक घेतलेले मूल तीन वर्षांनी बदलण्याची पद्धत मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

हे असे का होते, तर मागणी फोटोची आहे. नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्य मोजले जाते, आणि पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे लागतात. म्हणजे महाविद्यालय कुठे उभे होते हे अगदी दशांश चिन्हापर्यंत सिद्ध होते. त्या जागी माती किती खोल होती, ती कुठे गेली, शेजारच्या विहिरीला मार्चमध्ये किती पाणी होते, यासाठी अहवालात जागा नाही.

आपली कृषी विद्यापीठे अमेरिकन नमुन्यावर उभी राहिली. तिकडे १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठाचे ज्ञान शेतापर्यंत नेणारी विस्तारसेवा उभारली. कायद्याने ते विद्यापीठाचे कामच ठरवले. आपल्याकडे अकोल्याचे विद्यापीठ १९६९ साली झाले आणि त्याला नाव मिळाले पंजाबराव देशमुखांचे. हे नाव सहज दिलेले नाही. देशाचे कृषिमंत्री असताना पंजाबरावांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले, आणि ते पाहायला देशभरचे शेतकरी गेले. पाहण्यातून शेतकरी शिकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अकोल्याची शिवारफेरी त्याच विचारातली. दरवर्षी हजारो शेतकरी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर येतात, वाणांच्या ओळींमधून फिरतात, शेंगा मोजतात, शास्त्रज्ञांना अडवून प्रश्न विचारतात. माझ्या मते विदर्भातले हे सर्वांत खरे शैक्षणिक पर्यटन आहे.

पण शिवारफेरीतले शिवार विद्यापीठाचे असते. सपाट, कुंपणातले, वेळेवर पाणी मिळणारे. उताराची, हलकी, अर्धी मुरूम वर आलेली, भावाभावांत चार तुकडे झालेली जमीन तिथे नसते. वाणाबद्दल शेतकऱ्याने विद्यापीठात जाऊन शिकावे हे बरोबर. जमिनीबद्दल मात्र विद्यापीठाने शेतकऱ्याच्या शिवारात येऊन शिकले पाहिजे, कारण जमीन पिशवीत घालून अकोल्याला नेता येत नाही. नेता येतो तो फक्त अर्धा किलो नमुना. त्याची मृदा आरोग्य पत्रिका होते, पत्रिका घरी येते आणि लग्नपत्रिकेसारखी खुंटीला लागते.

सुलतानपूरच्या शिवारात काय शिकण्यासारखे आहे? समजा, बस वळणावरच सोडली आणि तीस मुले पायी निघाली. पहिल्याच शेतात थांबून एवढेच विचारायचे: इथे आधी काय पेरायचे? साठी ओलांडलेला कुणीही सांगेल, ज्वारी. ज्वारी गेली, सोयाबीन आले. हे वाक्य ऐकायला पिकाच्या बदलाचे वाटते, पण त्याच्यामागे एक साखळी आहे. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. कडबा गेला म्हणजे चार बैल, दोन म्हशी पोसणे परवडेना. जनावरे गेली म्हणजे उकिरडा गेला, शेणखताच्या गाड्या थांबल्या. शेणखत थांबले म्हणजे मातीतला सेंद्रिय कर्ब उतरला, आणि कर्ब उतरला की काळी जमीन पाणी धरीनाशी होते, मोठ्या सरीला वाहते. बैल गेल्यामुळे ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर लांब तास मागतो, वळायला कमी जागा लागावी म्हणून तो पुष्कळदा उताराच्या दिशेनेच चालवला जातो, आणि प्रत्येक तास म्हणजे पाण्याला करून दिलेला पाट. मग एखाद्या रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस होतो आणि तलाठी पंचनाम्यात लिहितो: जमीन खरडून गेली. बातमीत येते निसर्गाचा कोप. कडब्यापासून सुरू झालेली गोष्ट तिथे कुणालाच आठवत नाही.

ही साखळी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सुट्या कड्यांनी सापडेल, एक कडी पशुसंवर्धनात, एक मृदाशास्त्रात, एक कृषी अर्थशास्त्रात. सलग सापडते ती शेतकऱ्याच्या बोलण्यात. म्हणून त्याला बोलते करायचे, आणि तो बोलताना आपण फ्लेक्स धरून उभे राहायचे नाही.

दुसरी जागा म्हणजे विहीर. जुन्या विहिरीत वाकून पाहिले की वरून काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग कठीण काळा पाषाण असे थर दिसतात. भूगर्भशास्त्राचा हा पहिला धडा विहीर खोदणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाणी कोणत्या थराला लागले, कोणत्या वर्षी त्याखाली आडवे बोअर मारावे लागले, हे ज्याची विहीर त्याला तोंडपाठ असते. भूगोलाच्या विद्यार्थ्याने ते लिहून घेतले तर त्या गावाच्या भूजलाचा इतिहास होतो. न लिहिले तर त्या म्हाताऱ्याबरोबर जातो.

तिसरी जागा बांध. आणि इथे मी शेतकऱ्याची बाजू सोडतो. शेतकरी निसर्गाचा सखा वगैरे कविता शहरात लिहायला बऱ्या. आमच्याकडे बांध कोरतात. दरवर्षी वीतभर, नांगराच्या एका तासाने, शेजाऱ्याला कळू न देता. आणि शेजारी पलीकडून तेच करत असतो. माती अडवणारा, बोरी-बाभळी धरणारा हातभर रुंद बांध दोन्हीकडून कोरून पायवाटेएवढा होतो आणि एका पावसात फुटतो. तहसीलमधले आणि कोर्टातले कितीतरी वाद याच वीतभर मातीचे आहेत. हाही जमीन व्यवस्थापनाचाच विषय आहे, पण कोणत्या प्रात्यक्षिकात हा येतो? बीजप्रक्रियेवर भांडण होत नाही, म्हणून बीजप्रक्रियेचेच प्रात्यक्षिक होते.

विद्यापीठाची माणसे यावर म्हणतात: आम्ही तज्ज्ञ आहोत, शेतकऱ्याच्या अनुभवात चुकाही असतात. असतात ना. पण तज्ज्ञांच्याही असतात. नाल्यांचे खोलीकरण आठवा. जेसीबी लावून नाले खोल-रुंद केले, साठलेल्या पाण्याचे फोटो आले, आणि 'माथा ते पायथा' हे पाणलोटाचे साधे सूत्र उलटे झाले. माथ्यावर समतल चर नाहीत, बांधबंदिस्ती नाही, आणि पायथ्याशी मात्र खंदक. जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसा उपयोग झाला नाही, असे महालेखापालांच्या २०२०च्या अहवालाने म्हटले. बुलढाण्यात तलावांतला आणि नाल्यांतला गाळ-मुरूम महामार्गाच्या भरावाला देण्याचा 'बुलढाणा पॅटर्न' गाजला. साठवण मोफत झाली, रस्त्याला मुरूम मिळाला, दोन्ही बाजूंना लाभ. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण गाळ उपसला ही अर्धी गोष्ट आहे. तो गाळ कुणाच्या शेतातून आला, आणि आजही येतो आहे का, ही उरलेली अर्धी.

बदल होतो तेव्हा तो कसा होतो, याचे उदाहरण शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. कडवंची. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, नव्वदच्या दशकात तिथे पाणलोटाचे काम हाती घेतले. केंद्राची माणसे फोटो काढून गेली नाहीत, वर्षानुवर्षे येत राहिली. माथ्यापासून काम झाले, पाणी थांबले, पुढे द्राक्षबागा आल्या. आता कडवंची पाहायला लोक येतात. हिवरे बाजारलाही येतात, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवणारे गाव पाहून भारावतात. भारावणे हीच अडचण आहे. हिवरे बाजारला जाणाऱ्या गाड्या तीर्थयात्रेला गेल्यासारख्या जातात: दर्शन घेतले, पोपटरावांचे भाषण ऐकले, प्रसाद म्हणून माहितीपत्रक घेतले, घरी आल्यावर पुन्हा ऊस. शिवाय यशाची गावे पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे यशानंतरची हाव. मराठवाड्यात कितीतरी शेततळी पावसाच्या पाण्याने भरण्याऐवजी प्लास्टिक अंथरून विहिरीच्या उपशाने भरली जातात. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेले ते भूजल वाफ होऊन जाते. पर्यटकाला मात्र निळे, चौकोनी, सुंदर तळे दिसते.

म्हणून यशाच्या गावांपेक्षा साध्या गावात जा, असे मी म्हणतो. सुलतानपूर ना आदर्श गाव, ना आपत्तिग्रस्त म्हणून प्रसिद्ध. तेच त्याचे मोल. एका महाविद्यालयाने एका गावाशी, ग्रामसभेत ठराव करून, निदान दहा वर्षांचा करार करावा. वर्षातून तीन वेळा यावे: मे अखेरीस उघडी जमीन पाहायला, श्रावणात वाहते पाणी पाहायला, दिवाळीनंतर विहिरी मोजायला. श्रावणात येणे सर्वांत महत्त्वाचे, आणि तेव्हाच कुणी येत नाही, कारण चिखल असतो. ज्याने शेतातून निघणारे गढूळ पाणी बाटलीत धरून रात्रभर ठेवून सकाळी तळाशी बसलेला थर पाहिला, त्याला धूप या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. विद्यार्थी बदलतील, सर बदलतील, सरपंच बदलतील. वही तीच असावी.

आणि पैसे. ताडोब्यात वाघ दाखवणाऱ्या गाइडला ठरलेली फी मिळते, आणि मिळायलाच हवी. जमीन समजावून सांगणाऱ्या शेतकऱ्याला नारळ, शाल आणि 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल' आभार मिळतात. अमूल्य म्हणजे फुकट, असा अर्थ विद्यापीठाने रूढ केला आहे. त्या दिवशी त्याची मजुरी बुडते. त्याला पाहुण्या व्याख्यात्याचे मानधन द्या, तासिका तत्त्वावर द्या. (तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना ते वेळेवर मिळते का, हा वेगळा आणि अधिक दुःखाचा लेख होईल.) कृषी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२० साली केले. त्यातली केंद्रे बहुतेक शहरी कुटुंबाला चुलीवरचे जेवण, बैलगाडी आणि हुरडा देतात. चांगले आहे, खा. पण हुरडा खाणाऱ्याला ज्वारी का गेली हे सांगितले तर हुरड्याची चव बिघडणार नाही. लोणार पाहायला आलेल्या माणसाने तिकिटाबरोबर शंभर रुपये अधिक देऊन अर्धा दिवस काठाबाहेरच्या शेतात फिरावे, तो पैसा शेत दाखवणाऱ्याला मिळावा, यात अवघड काय आहे? विवरातून उडालेल्या दगडमातीचा थर काठाबाहेर पसरलेला आहे, आणि त्यावर लोक शेती करतात. उल्केने पेरलेल्या जमिनीवर सोयाबीन! याहून मोठे आकर्षण कोणते पर्यटन महामंडळ निर्माण करणार?

भीती आहे, ती मला मान्य आहे. पर्यटन आले की जमिनीचे भाव येतात, भाव आले की प्लॉट पडतात, आणि शेत दाखवणारा शेतकरी पाच वर्षांनी रिसॉर्टच्या दारावर वॉचमन होतो. विकास आराखड्यांत रस्ते, वाहनतळ, उपाहारगृह, प्रेक्षागॅलरी येतात, कारण त्यांची निविदा निघते. बांधाची आणि वहीची निविदा निघत नाही. म्हणूनच हे काम पर्यटन खात्याने नव्हे, विद्यापीठाने करायचे आहे, आणि मालकी ग्रामसभेची हवी. एका दिवशी किती माणसे येणार, कोणत्या वाटेने जाणार, पेरणीच्या आठवड्यात कुणीच येणार नाही, हे गाव ठरवील.

या पाच जिल्ह्यांचे बिगरकृषी विद्यापीठ अमरावतीला आहे आणि त्याला गाडगेबाबांचे नाव आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, दिवस त्यात जायचा, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनातही ते सांगत कमी आणि विचारत जास्त. लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. त्यांच्या नावाचे विद्यापीठ गावात येते तेव्हा आधी माइक लागतो, मग दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक.

सुलतानपूरच्या वळणावर बस तशीही पंधरा-वीस मिनिटे थांबते. यंदाच्या मे महिन्यात तेवढ्या वेळात एका विहिरीचे पहिले माप घेऊन होईल. दोनशे पानी वही ग्रामपंचायतीसमोरच्या दुकानात मिळते.